नाण्यांवरील व्यंगें : टांकसाळींतलीं आणि टांकसाळीबाहेरचीं

इ. स. १९०६ सालीं नाशिकजवळच्या जोगळटेंभी ह्या गांवीं चांदीच्या नाण्यांचा एक मोठा सांठा सांपडला. नाणीं थोडींथोडकीं नव्हतीं. सुमारें १३,२५० होतीं, आणि तीं सारीं क्षहरात वंशांतील नहपान राजाचीं होतीं. एका बाजूस राजाचा मुखवटा व त्याभोंवतीं ग्रीक अक्षरें, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिपींत राजाचें नांव. पण त्यांतील सुमारें ९,२७० नाण्यांचें रूप पार बिघडून गेलेलें होतें. मुखवट्याचें नाक चेपलेलें, बाणाचे तुकडे झालेले, राजाच्या नांवाचीं अर्धीं अक्षरें चिरडलेलीं, आणि त्या सर्वांवर भलत्याच रेषा चढलेल्या.

श्रोतेहो, ह्यांतील एकच नाणें कोणाच्या हातीं आलें असतें तर त्यानें काय म्हटलें असतें ? "घण दोनदां पडला, कारागिराचा हात चुकला," असें एकानें म्हटलें असतें. "कोणीतरी मागाहून ठोकून खराब केलें," असें दुसऱ्यानें. दोन्ही तर्क चुकीचे ठरले असते. कारण त्या भलत्या रेषा नीट लावून पाहिल्या, तेव्हां एकीकडे तीन कमानींची टेकडी, दुसरीकडे चार गोलांचें तें चिन्ह ज्यास विद्वान उज्जयिनी-चिन्ह म्हणतात, आणि टेकडीभोंवतीं "रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस" हीं अक्षरें निघालीं. गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पैसा गोळा करून त्यावर स्वतःचा शिक्का मारला होता. नाशिकच्या लेण्यांतील, त्याच्या मातेच्या शिलालेखांत त्यास क्षहरातांच्या वंशाचा उच्छेद करणारा म्हटलें आहे. दगडावरची ती प्रौढी आणि चांदीवरचा हा घाव एकमेकांची साक्ष देतात. घावाचा अर्थ लागला नसता तर शिलालेखाला एवढा मोठा साक्षीदार मिळाला नसता.

म्हणून नाण्यावरील व्यंग ही केवळ हौशी संग्राहकांची करमणूक नव्हे. व्यंग कोठें झालें, टांकसाळीच्या भिंतीच्या आंत कीं बाहेर, आणि आंत झालें असल्यास चुकून कीं बुद्ध्या, ह्या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळदां इतिहासाचें एखादें पान अवलंबून असतें. अलीकडे त्यास आणखी एक कारण जडलें आहे. टांकसाळीच्या चुकीच्या नाण्यांस संग्राहक चांगली किंमत देऊं लागल्यापासून, साध्या ठेंचलेल्या नाण्यास "चुकीचें नाणें" म्हणून विकण्याचा धंदा बराच बोकाळला आहे. घरोघरीं जुन्या डब्यांत पडलेल्या नाण्यांकडे त्यामुळें नव्या आशेनें पाहिलें जातें. त्या आशेला थोडा विवेक मिळावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम नाणें होतें कसें हें पाहिलें पाहिजे. यंत्रें येण्यापूर्वीं सर्वत्र एकच रीत होती. धातूच्या तोललेल्या चकत्या कापावयाच्या. खालचा ठसा ऐरणींत पक्का बसवावयाचा. त्यावर चकती ठेवून वरचा ठसा हातानें धरावयाचा आणि त्यावर घण घालावयाचा. अबुल फझलनें 'आईन-ई-अकबरी'मध्यें बादशाही टांकसाळीच्या नोकरांची ओळच दिली आहे. धातु पारखणारा वेगळा, चकत्या कापणारा वेगळा, ठसा कोरणारा वेगळा. आणि दोन ठशांच्या मध्यें चकती ठेवणारा तो सिक्काची, त्याच्याजवळ घण घालणारा दुसरा गडी. दिवसभर हेंच काम. असें असतां सर्व घाव एकसारखे पडले असते तर तेंच नवल.

ह्या रीतींतच दोन गोष्टी दडलेल्या आहेत, आणि पारख करणाऱ्यास त्या दोन कळल्या तर निम्में काम झालें. पहिली ही कीं, चकती तोलली जाते ती ठशापूर्वीं. घण वांकडा पडो, दोनदां पडो, अर्धाच पडो, वजन बदलत नाहीं. तेव्हां अर्धी बाजू कोरी असलेलें पण पूर्ण वजनाचें नाणें हें बहुधा टांकसाळींतच घसरलेलें असतें. तेंच वजनांत कमी भरलें तर कोणाची तरी कानस किंवा कातर त्यावरून फिरली आहे असा संशय घ्यावा. चांदीसोन्याच्या नाण्यांच्या कडा कातरून घेणें हा जगांतील फार जुना चोरीचा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ठसा हा नाण्याची उलटी प्रतिमा असतो. ठशांत जें खोल तें नाण्यावर उंच. म्हणून ठशाला तडा गेला कीं त्या तड्यांत धातु शिरते आणि नाण्यावर केसासारखी बारीक उंच रेषा उठते. ठसा गंजला तर नाण्यावर बारीक पुळ्या येतात. उलट, नाणें बाहेर पडल्यावर त्यावर जो ओरखडा पडतो तो खोल असतो. बोटाच्या नखानें चांचपून हा फरक कळतो; भिंगाचीदेखील गरज लागत नाहीं. राजाच्या गळ्यावरून गेलेली रेषा नखाला अडली तर ती ठशाची, नख तींत रुतलें तर ती कोणा उपद्व्यापी माणसाची, असें स्थूलमानानें म्हणतां येईल. ह्याला अपवाद आहेत. चकतीवर एखादा धागा, धातूचा कण किंवा तेलकट मळ राहिला आणि त्यावर ठसा बसला, तर टांकसाळींतच खोलगट खूण होते. पण तशा खुणेच्या कडेला धातूचा उंचवटा नसतो; छिन्नीच्या किंवा खिळ्याच्या घावाला मात्र दोन्ही कांठांवर धातूचे ओंठ सुटलेले असतात. नांगराच्या तासाशेजारीं माती सरते तशीच धातु सरते. ती नाहींशी होत नाहीं.

आणखी एक खूण ह्याच जातीची आहे. टांकसाळींत चकतीच्या वर आणि खालीं दोन्हीकडे पोलाद असतें. त्यामुळें एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूस फुगवटा आणूं शकत नाहीं. मागाहून कोणी नाणें लांकडावर ठेवून त्यावर खूण उठविली तर पाठीमागें पोंक येतें. जें नाणें मेजावर ठेवल्यास डुगडुगतें त्याच्याविषयीं टांकसाळीला दोष देण्यापूर्वीं विचार करावा.

आतां दुहेरी ठशाविषयीं. चकती ठशावरून निघण्यापूर्वीं घण दुसऱ्यांदा पडला आणि चकती तेवढ्यांत किंचित् सरकली, तर अक्षरांशेजारीं अक्षरांची सावली उमटते. येथें लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, दोन्ही उमटे एकाच ठशाचे असतात, आणि दुसऱ्या घावानें पहिला दडपलेला असला तरी दोन्ही उंचच असतात. जोगळटेंभीच्या नाण्यांत व ह्यांत फरक तो हाच. तेथें दोन उमटे दोन वेगळ्या राजांचे, दोन वेगळ्या ठशांचे आहेत. वरच्याची दिशा खालच्याशीं मुळींच जुळत नाहीं, कारण शिक्का मारणाऱ्याला नहपानाचें डोकें वर आहे कीं खालीं, ह्याची पर्वा करण्याचें कारण नव्हतें. चुकीला एक प्रकारची मर्यादा असते. ती हजारों नाण्यांवर त्याच रीतीनें होत नाहीं.

हातठशाच्या चुकांत मला सर्वांत मनोरम वाटते ती वेगळीच. कधीं कधीं छापलेलें नाणें वरच्या ठशाला चिकटून राहतें आणि कारागिराच्या तें ध्यानांत येत नाहीं. तो खालीं नवी चकती ठेवून घण घालतो. आतां वरच्या ठशाचें काम तें चिकटलेलें नाणेंच करतें. परिणामीं नव्या नाण्याच्या एका बाजूस नेहमींची छाप येते, आणि दुसऱ्या बाजूस तीच छाप आरशांत पाहिल्यासारखी उलटी आणि खोल उमटते. रोमन प्रजासत्ताकाच्या चांदीच्या नाण्यांत अशीं नाणीं पुष्कळ मिळतात. आतां ह्याचीच नक्कल करणें फारसें अवघड नाहीं: दोन नाणीं समोरासमोर ठेवून लोहाराच्या शिकंजांत आवळलीं कीं एकाची उलटी खूण दुसऱ्यावर उठते. पण ह्या नकलेंत एक गोष्ट साधत नाहीं. खऱ्या चुकीच्या नाण्याच्या त्या बाजूस मूळची दुसरी छाप कधीं पडलेलीच नसते. तेथें फक्त उलटी प्रतिमा असते. शिकंजांत आवळलेल्या नाण्यावर मूळची छाप असतेच, आणि उलटीं अक्षरें तिच्यावरून रांगत गेल्यासारखीं दिसतात. शिवाय तिचे उंच भाग चेपून सपाट झालेले असतात.

आपल्या शिवराईकडे येतों. शिवराईच्या एका अंगास "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या अंगास "छत्र पति" असतें, हें बहुतेकांस ठाऊक आहे. पण हातांत घेतलेल्या शिवराईवर हीं सर्व अक्षरें पूर्ण दिसतील असें नाहीं. बहुधा "पति"चा "ति" किंवा "राजा"चा "रा" कडेबाहेर गेलेला असतो. ही चूक नव्हे. पुष्कळदां ठसाच चकतीहून मोठा असे आणि जेवढें बसेल तेवढें बसे. तसेंच "शिव"च्या जागीं "सिव", "पति"च्या जागीं "पती" असे लेखनभेद शिवरायांवर विपुल आहेत. शिवराई ही एका वर्षाची किंवा एका टांकसाळीची नव्हे. महाराजांच्या पश्चात् पेशवाईअखेरपर्यंत ती निरनिराळ्या ठिकाणीं पडत राहिली, आणि पुढें इंग्रजी अमलांतही बाजारांत चालत राहिली. ठसा कोरणारे सोनार-तांबट शब्दकोश जवळ बाळगून बसत नसत. अर्धवट लेखाच्या शिवराईस कोणी "दुर्मिळ चूक" म्हणून मोठी किंमत मागूं लागला, तर त्यास एवढेंच विचारावें कीं, अशी शिवराई दुर्मिळ कीं पूर्ण लेखाची ?

जुन्या रुपयांवर बारीक फूल, चांदणी, चंद्रकोर किंवा एखादें अक्षर ठोकलेलें आढळतें. हे सराफांचे ठसे. निरनिराळ्या टांकसाळींचे, निरनिराळ्या कसाचे रुपये एकाच बाजारांत चालत असत, त्या काळीं प्रत्येक रुपया पारखूनच घ्यावा लागे. बट्टा किती हें त्यावर ठरे. सरकारी खजिन्यांत हेंच काम पोतदाराकडे असे. एकदां पारखलेला रुपया पुन्हां आला तर ओळखावा म्हणून सराफ आपली खूण त्यावर उठवी. कधीं आंतील धातु पाहण्यासाठीं कडेला छिन्नीचा चिराही देई. कडक न्यायानें पाहिलें तर ही टांकसाळीबाहेरची मोडतोड होय, आणि नाणेंसंग्राहक अशा रुपयास नाक मुरडतात. मला तें पटत नाहीं. पांच सराफांच्या खुणा अंगावर वागविणारा रुपया पांच पेढ्यांवर फिरून आलेला असतो. कोऱ्या करकरीत रुपयाला बाजार माहीतच नसतो. ह्या खुणा ओळखावयास सोप्या आहेत. त्या खोल असतात, नाण्याच्या मूळ लेखाशीं त्यांचा दिशेचा कांहीं संबंध नसतो, आणि तेंच फूल भिन्न भिन्न टांकसाळींच्या रुपयांवर सांपडतें. टांकसाळीची स्वतःची खूण, जशी अंकुशी रुपयावरील अंकुशाची, ठशांतच कोरलेली असल्यामुळें उंच असते आणि लेखाच्या ओळींत आपली जागा राखून असते.

पुढें यंत्रें आलीं. मुंबईची नवी टांकसाळ कॅप्टन जॉन हॉकिन्स ह्यांच्या देखरेखीखालीं इ. स. १८२४ ते १८२९ ह्या काळांत बांधली गेली, आणि तिच्यासाठीं यंत्रसामग्री इंग्लंडांतील बोल्टन व वॅट ह्यांच्या कारखान्याची आली. १८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या सर्व मुलखांत एकच रुपया ठरला: वजन १८० ग्रेन, त्यांत शुद्ध चांदी १६५ ग्रेन. हाच तो 'कलदार'. कळीवर म्हणजे यंत्रावर पडलेला म्हणून त्यास लोकांनीं हें नांव दिलें. त्याचें वजन बरोबर एक तोळा असल्यामुळें घरच्या कांट्यावर त्याची परीक्षा कोणासही करतां येई. आणि दगडावर टाकून खणखणीत वाजतो कीं बद्द, हें तर पोरेंसुद्धां पाहत. येथें एक सांगून ठेवतों: बद्द वाजणारा प्रत्येक रुपया खोटा नसतो. चांदीच्या पत्र्यांतच फट राहिली असली तर खरा रुपयाही बद्द बोलतो, आणि हा दोष टांकसाळीचाच.

यंत्रानें चुका संपल्या नाहींत; त्यांची जात बदलली. यंत्रांत चकतीभोंवतीं पोलादी कडें असतें. त्यामुळें नाणें गोल राहतें आणि रुपयाच्या कडेवरचे दांते त्या कड्यानेंच उठतात. चकती कड्यांत न बसतां छापली गेली तर नाणें पसरट होतें आणि कडेला दांते उमटत नाहींत. ह्याच्याशीं घोटाळा होतो तो आगगाडीच्या रुळावर ठेवलेल्या पैशाचा. हा खेळ आपल्यापैकीं कित्येकांनीं लहानपणीं केला असेल. पण चाकाखालीं गेलेल्या पैशावर सारें चित्रच ताणलेलें असतें. राजाचें डोकें काकडीसारखें लांबोडें होतें. टांकसाळींत पसरलेल्या नाण्यावर चित्र आपल्या मूळ मापाचें राहतें. पसरते ती फक्त त्याभोंवतालची कड.

सर्वांत सूक्ष्म खूण अर्धचंद्राकार कापल्या गेलेल्या नाण्याची आहे. धातूच्या पट्टीवरून चकत्या कापतांना पट्टी पुरेशी पुढें सरकली नाहीं तर नव्या चकतींत आधींच्या भोंकाचा भाग येतो आणि चकतीचा एक लचका तुटल्यासारखा दिसतो. अशी वाण घरीं कानशीनें सहज करतां येते. मग खरी कोणती ? त्या लचक्याच्या अगदीं समोरची कड पाहावी. छापण्यापूर्वीं चकतीची कड यंत्रांत दोन्हीकडून दाबून थोडी उचलून घेतात. एकीकडे धातूच नसली तर समोरच्या बाजूस दाब बसत नाहीं. म्हणून खऱ्या चुकीच्या नाण्याची समोरची कड पुष्कळदां पुसट, दबलेली राहते. अमेरिकेंतील संग्राहक ह्या खुणेस ब्लेक्सली नांवाच्या गृहस्थावरून ओळखतात. लचक्याजवळचीं अक्षरेंही बोलतात. खऱ्या नाण्यांत तीं रिकाम्या जागेकडे किंचित् ओढल्यासारखीं, पुसट होत गेलेलीं दिसतात, कारण दाबाखालीं धातु तिकडे वाहिली. कानशीच्या नाण्यांत अक्षर सुरीनें कापल्यासारखें मध्येंच तुटतें. ठगाला लचका तोडतां येतो, पण समोरची कड पुसट करावयाची असते हें त्याच्या गांवीं नसतें.

महायुद्धाच्या धातुटंचाईंत १९४३ पासून १९४७ पर्यंत निघालेला भोंकाचा पैसा जुन्या घरांतून अजून आढळतो. त्याचें भोंक मध्यावर नसलें कीं चुकीचें नाणें म्हणून त्याची जाहिरात होते. अशा नाण्यांच्या चकतीला भोंक छापण्याआधीं पाडलेलें असतें; म्हणून दाबाखालीं भोंकाची कड गुळगुळीत होते आणि जवळचीं अक्षरें त्या बाजूस थोडीं ढळतात. गिरमिटानें मागाहून मोठें केलेलें भोंक अक्षरांस स्वच्छ कापतें आणि त्याची कड बोटास बोंचते. दोन्ही बाजूंस एकच छाप असलेला रुपया जर कोणी दाखविला, तर त्याच्या कडेच्या आंतून भिंगानें बारीक सांधा शोधावा. जादूगार असा रुपया एक नाणें पोखरून त्यांत दुसऱ्याचें अर्धें बसवून करून घेतात.

व्यंग आणि नमुना ह्यांचाही भेद करावयास हवा. १९११ सालच्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती आंखूड सोंडेमुळें डुकरासारखा दिसला, म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षीं नवा ठसा करावा लागला. ह्याला टांकसाळीची चूक म्हणणें बरोबर नाहीं. प्रत्येक रुपया ठशाबरहुकूमच पडला. चूक चित्रकाराची होती.

दागिन्यांत गेलेल्या नाण्यांची कथा निराळी. पुतळी ही मूळची व्हेनिस येथील सोन्याची मोहोर: एका बाजूस संत मार्कपुढें गुडघे टेंकलेला तेथील अधिपति, दुसऱ्या बाजूस ख्रिस्त. आपल्या बायकांनीं ती माळेंत ओंवली. तिला डाग देऊन बसविलेला नाकाडा निघून गेला कीं कडेला एक खडबडीत ठिपका उरतो, आणि तो कोणास ठशाचा दोष वाटतो. आजूबाजूच्या सोन्याचा रंग डागामुळें बदललेला असतो ह्यावरून तो ओळखावा. परंतु पुतळीवरचीं लॅटिन अक्षरें अगदींच वेडींवांकडीं, अर्थहीन काड्यांसारखीं असलीं तर तो व्हेनिसचा दोष नव्हे. तशा पुतळ्या आपल्याकडील सोनारांनीं नमुना पाहून घडविल्या. व्हेनिसचें प्रजासत्ताक १७९७ सालीं संपलें, तरी पुतळ्यांची मागणी संपली नाहीं.

ह्या सर्व परीक्षांचा एक मोठा शत्रू आपल्याच घरांत असतो, आणि तो म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीं निघणारी चिंच व रांगोळी. पूजेचे रुपये लख्ख घांसण्याचा हेतु चांगलाच असतो. पण घांसण्यानें ओरखड्याचे ओंठ, अक्षरांच्या सावल्या, ठशाच्या तड्याची केसाएवढी रेषा, आणि घावावर बसलेला जुना काळपट थर हे सर्वच जातात. घावाच्या तळाशीं भोंवतालइतकाच काळा थर असेल तर घाव निदान जुना आहे एवढें कळतें; तळ चकचकीत असेल तर तो कालपरवांचा. घांसलेल्या नाण्यास हें कांहींच सांगतां येत नाहीं. पूजेसाठीं चालू नाणीं घांसावींत. आजोबांच्या पेटींतलीं कापसांत ठेवावींत. आणि शेतांत किंवा पडक्या भिंतींत नाण्यांचा हंडा सांपडला तर १८७८ च्या निखात-निधि कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहेच. पण कळविण्यापूर्वींही तीं नाणीं धुऊं नयेत, वेगळीं करूं नयेत, आणि ज्या मडक्यांत मिळालीं त्या मडक्याच्या खापऱ्याही टाकूं नयेत.